गालाजवळचं बटण

माझ्या वतीनं आई बोलायची. मला काय होणा ते माझ्याकडे बघून ओळखायची आणि समोरच्याला सांगायची. आमच्या तंजावरी मराठीत 'हवं'ला 'होणा' म्हणतात. पाहुणे आले की आई म्हणायची, "ती म्हणते, बसा, कॉफी घेऊनच जा." मी तसं काही म्हटलेलं नसायचं. पण पाहुण्यांना बरं वाटायचं, आणि मलाही कधीकधी वाटायचं, की आपण किती अगत्यानं बोलतो.

आमची मराठी पुण्याकडच्या वाचकाला अर्धी तमिळ वाटेल, म्हणून इथली बोलणी थोडी सरळ करून लिहिली आहेत.

जन्मताना माझ्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. हात-पाय आहेत, पण ते माझं ऐकत नाहीत. मी एक करायला जाते, ते दुसरंच करतात, आणि घाई असली तर तिसरं. तोंडातून आवाज निघतो, त्याचे शब्द होत नाहीत. ऐकू येतं, दिसतं, समजतं. हे आता एका दमात लिहिता येतं. माझ्या लहानपणी मला समजतं हे आई-अप्पांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि किती समजतं हे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं.

अप्पा पाटबंधारे खात्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. कालवे, बांध, पाण्याचे दरवाजे यांचे नकाशे काढायचे. शाळेत मला घेतलं नाही, कारण वर्ग माडीवर होते आणि मला उचलून न्यायचं कोणी हा प्रश्न होता. मग अप्पांनी हार्डबोर्डाच्या तुकड्यावर स्टेन्सिलनं इंग्रजी अक्षरं काढून दिली, काळ्या शाईत, नकाशावर गावांची नावं काढतात तशी सुबक. इंग्रजीच का, तर तमिळची सगळी अक्षरं त्या तुकड्यावर मावेनात, आणि देवनागरी अप्पांना वाचता येत नव्हती. आमच्या लोकांत बहुतेकांना येत नाही. आईला येत होती, कारण लग्नाआधी तिनं हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या. पुढं तिनंच मला ती शिकवली. पण पाटी इंग्रजी अक्षरांची होती आणि त्यातूनच आम्ही मराठी बोलायचो.

आई ओळींवरून बोट फिरवायची. हवी ती ओळ आली की मी डोळे वर करायचे. मग ती त्या ओळीतल्या अक्षरांवरून बोट न्यायची आणि मी पुन्हा डोळे वर करायचे, की अक्षर ठरलं. नाही म्हणायचं असलं तर डोळे घट्ट मिटायचे. पद्धत चांगली होती. पण आईला धीर नव्हता. तिच्यामागं स्वयंपाक, विहिरीवरचं पाणी, माझं अंग धुणं, सगळंच असायचं. पी आणि ए ही दोन अक्षरं झाली की ती म्हणायची, "पाणी!" मला 'पाय' म्हणायचं असायचं, पाय खुर्चीच्या पट्ट्याखाली अडकलेला असायचा. मी डोळे मिटायची. पण तोवर पाण्याचं भांडं ओठांना लागलेलं असायचं. मग मी पाणी प्यायची. तहान नसतानाही पाणी पिता येतं.

गल्लीच्या टोकाला एक लहानसं देऊळ होतं. शनिवारी संध्याकाळी आई मला चाकाच्या खुर्चीतून तिकडं न्यायची. कुणीतरी देवळाला विजेवर चालणारं घंटा-नगाऱ्याचं यंत्र दिलं होतं. पूर्वी चारजण लागायचे ते काम आता एका बटणावर व्हायचं, आणि ते यंत्र चौघांपेक्षा जास्त आवाज करायचं. आरतीला ते सुरू झालं की माझं सगळं अंग उडायचं, दोन्ही हात वर जायचे आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं. आई भोवतालच्या बायकांना म्हणायची, "बघा, हात जोडायला बघतेय. जोडता येत नाहीत म्हणून रडते." बायकांचे डोळे भरून यायचे. काहीजणी माझ्या हाताला हात लावून तो आपल्या डोळ्यांना लावायच्या. हळूहळू गल्लीत मी मोठी भाविक म्हणून माहीत झाले. घरात कुणाची परीक्षा असली की लोक मला भेटून जाऊ लागले.

मी विशीत आले तेव्हा गावात सगळीकडे कॉम्प्युटर शिकवण्याच्या पाट्या लागल्या होत्या. साड्यांच्या दुकानावर, दवाखान्यावर, माडी रिकामी असेल तिथं. घरांवर केबलच्या तारा आल्या होत्या. अप्पांच्या कचेरीतही एक कॉम्प्युटर आला होता. त्याच्यासाठी गार हवेची खोली केली होती, आणि अप्पा म्हणायचे, साहेब आता त्या खोलीत सारखे काम काढून जातात.

त्याच सुमारास एका शाळेच्या सभागृहात अपंगांसाठी शिबिर भरलं. मोजमाप घेऊन कुबड्या आणि चाकाच्या खुर्च्या देणार होते. माझी खुर्ची मोडायला आली होती म्हणून आम्ही गेलो. तिथं मद्रासहून आलेल्या एक स्पीच थेरपिस्ट होत्या. उंच, सुती साडी, हातात पुरुषांचं घड्याळ. त्यांनी मला काही विचारलं की उत्तर आईकडून यायचं. थोडा वेळ त्यांनी ते ऐकलं आणि मग म्हणाल्या, "अम्मा, तुम्ही थोडं बाहेर बसता का?"

आई बाहेर गेली नाही. पण गप्प बसली. बाई माझ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या आणि पुष्कळ वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग अप्पांना म्हणाल्या, "हिचं डोकं डावीकडं वळतं. म्हणाल तेव्हा वळतं, पुन्हा सरळ होतं. हे तुम्ही पाहिलंय?"

अप्पा म्हणाले, "वळतं खरं."

"तेवढं पुरे आहे," बाई म्हणाल्या.

काय पुरे आहे ते त्यांनी समजावून सांगितलं. कॉम्प्युटर वापरायला दहा बोटं लागतातच असं नाही. एक बटण दाबता आलं तरी चालतं. ते हातानं, पायानं, हनुवटीनं, अंगाचा जो भाग ऐकतो त्यानं दाबायचं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी असतात. एकेक ओळ आपोआप उजळत जाते. हवी ती उजळली की बटण दाबायचं. मग त्या ओळीतली अक्षरं एकामागून एक उजळतात. हवं ते आलं की पुन्हा दाबायचं. ते अक्षर वर उमटतं.

आई पहिल्यांदाच मधे बोलली. "हे मी बोटानं करतेच की."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "यंत्र तेच करतं. फक्त ते अंदाज करत नाही."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघत होते.

कॉम्प्युटर यायला बरेच महिने गेले. अप्पांनी गावातल्या एका दुकानातून जोडून घेतला आणि ऑटोत मांडीवर ठेवून आणला. बाई पुढच्या फेरीला आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत एक फ्लॉपी, एक उघडून पुन्हा जोडलेला माउस आणि एक लाल बटण होतं. बटण चांगलं मोठं, आमटीच्या वाटीवर झाकण ठेवावं एवढं. त्याची वायर माउसला लागायची आणि कॉम्प्युटरला वाटायचं, माउसच दाबला. सुतारानं खुर्चीला डावीकडं लाकडी हात बसवून दिला आणि त्याच्या टोकाला, माझ्या गालापासून चार बोटांवर, ते बटण बांधलं.

पडद्यावरची अक्षरं ए, बी, सी अशी लावलेली नव्हती. जास्त लागणारी आधी, कमी लागणारी मागं. अप्पांना ते आवडलं नाही. त्यांच्या मते अक्षरांना आपापली जागा असते. मला मात्र दोन दिवसांत सवय झाली. सवय झाली नाही ती अंगाला. हवं ते अक्षर येतंय असं दिसलं की मला आनंद व्हायचा, आणि आनंद झाला की अंग ताठरतं. डोकं आधीच बटणावर आदळायचं आणि भलतंच अक्षर यायचं. बाईंनी उजळण्याचा वेग अगदी कमी केला. म्हणाल्या, "अक्षर आलं की खूश होऊ नकोस. शब्द झाल्यावर हो."

पहिला शब्द लिहायच्या दिवशी घरात गर्दी होती. अप्पा कचेरीतून लवकर आले होते. शेजारच्या दोघी आल्या होत्या. आई माझ्या मागं उभी होती. सगळ्यांना वाटत होतं मी 'आई' लिहिणार. मलाही तसंच करायचं होतं. पण अप्पांनी माणसं जमली म्हणून टेबलफॅन आणून माझ्यावर सोडला होता. त्याचा वारा थेट डोळ्यांत येत होता आणि पडदा धूसर दिसत होता. मी एफ घेतला. मग ए. मग एन.

"फॅन," अप्पांनी वाचलं. "फॅन होणा? जोरात करू?"

मी ओ, एफ, एफ लिहीपर्यंत त्यांनी तो जोरात केलाही होता. मग बंद केला. शेजारच्या बाई आईला म्हणाल्या, "एवढंच?"

आई म्हणाली, "एवढंच." पण ती हसत होती.

'आई' मी त्याच संध्याकाळी लिहिलं, इंग्रजी अक्षरांत. ए पहिल्याच ओळीत होता, त्यामुळं तो शब्द लवकर व्हायचा. पुढं मी तो इतक्यांदा लिहिला की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "कळलं, पुढचं लिही!"

पुढचं लिहायला लागले आणि तिथंच बिनसलं.

एका शनिवारी आई मला देवळात न्यायची तयारी करत होती. मी लिहिलं की मला यायचं नाही. आई म्हणाली, "अंग दुखतंय का?" मी नाही म्हटलं. "मग?" मी लिहू लागले. खूप वेळ लागला. आई केसांत फुलं माळून, हातात नारळाची पिशवी घेऊन मागं उभी राहून एकेक अक्षर वाचत होती. मी लिहिलं होतं की त्या यंत्राचा आवाज झाला की माझं अंग दचकतं. हात आपोआप उडतात. डोळ्यांत पाणी येतं ते भीतीनं. देवाचा त्यात काही संबंध नाही.

आईनं ते वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. विचारलं, "पहिल्यापासून?"

मी डोळे वर केले.

पिशवी तिनं खाली ठेवली आणि आत गेली. त्या दिवशी कुणीच देवळात गेलं नाही. रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, काय झालं, तर ती म्हणाली, "काही नाही. तिला आवाज सोसत नाही. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं."

त्यानंतर आईनं माझ्या वतीनं बोलणं बंद केलं. भांडण नाही, अबोला नाही. वेळेवर भरवायची, न्हाऊ घालायची, वेणी घालायची, गल्लीतल्या गोष्टी सांगायची. पण कुणी माझ्याबद्दल काही विचारलं की म्हणायची, "तिलाच विचारा."

लोकांची पंचाईत झाली. आत्या, म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहीण, तिरुवैयारूहून आल्या. म्हणाल्या, "काय म्हणते आमची पोर? बरी आहे ना?" आईनं त्यांना कॉम्प्युटरसमोर स्टूल दिलं. मी लिहायला घेतलं. आत्या थोडा वेळ उजळत जाणाऱ्या ओळींकडं बघत बसल्या. मग रस्त्याकडं, मग घड्याळाकडं. अप्पांना राहवेना. मी 'बरी' लिहिल्यावर ते म्हणाले, "बरी आहे म्हणते."

"थांबा," आई म्हणाली. "तिचं संपलं नाही."

मला लिहायचं होतं की बरी आहे, पण तुम्ही मागच्या वेळी आणलेल्या मुरुक्कूनं, म्हणजे चकलीनं, माझी दाढ तुटली, या वेळी मऊ काही आणा. आत्यांची बस निघायची वेळ झाली. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. वाक्य अर्धंच राहिलं. आईनं कॉम्प्युटर बंद केला नाही. म्हणाली, "पुरं कर." मी ते पुरं केलं आणि आईनं एकटीनं वाचलं. हसली नाही.

ती हे रागानं करते, की मद्रासच्या बाईंचं मनावर घेऊन करते, मला कळत नव्हतं. विचारायचं धाडस होत नव्हतं. आधी मला लिहिता येत नव्हतं म्हणून ती चुकायची. आता लिहिता येत होतं आणि मी गप्प होते.

मग मला पोटात दुखायला लागलं. आधी थोडं, मग सकाळी उठल्यापासून इतकं की खुर्चीत बसवेना, उलट्या होऊ लागल्या. खुर्चीत नाही म्हणजे बटण नाही. वर वीजही गेली होती. अप्पा ऑटो घेऊन आले आणि दोघांनी मला उचलून इस्पितळात नेलं. अप्पा कागद करायला गेले. आई माझ्याजवळ राहिली.

डॉक्टर तरुण होते आणि चांगले होते. त्यांनी पोट दाबून बघितलं. पण मला कुठंही हात लावला तरी माझं सगळं अंग आवळतं, पोटही दगडासारखं होतं. दुखतं म्हणून आवळलं की हात लावला म्हणून, हे त्यांना कळेना. त्यांनी आईला विचारलं, "नक्की कुठं दुखतंय हिला?"

पूर्वी आईनं लगेच सांगितलं असतं. काल इडली जास्त झाली, पोट बिघडलंय, हिचं नेहमीच असं होतं. मी तिच्याकडं बघत होते. ती म्हणाली, "मला सांगता येणार नाही. तिला विचारा."

डॉक्टर म्हणाले, "अम्मा, ती बोलू शकत नाही ना?"

"बोलते. वेळ लागतो."

"आता?"

"आत्ताच," आई म्हणाली. तिनं माझी मान सरळ केली, उशी डाव्या बाजूनं काढली आणि माझ्या तोंडाजवळ येऊन म्हणाली, "यंत्र नाही. मी म्हणते. तू डोकं वळव. पहिली ओळ... दुसरी..."

मी दुसरीला डोकं वळवलं. तिनं दुसऱ्या ओळीतली अक्षरं एकामागून एक म्हणायला सुरुवात केली. अप्पांच्या पाटीवरची नव्हेत, कॉम्प्युटरवरची. त्याच उलट्यासुलट्या क्रमानं, तेवढ्याच अंतरानं. तिला इंग्रजी बेताचंच येतं. पण पडद्यावरचा तो क्रम तिला पाठ होता.

मला इतकं दुखत होतं की मधेच डोकं नको तेव्हा वळायचं. आई विचारायची, "हे धरू?" मी डोळे मिटले की पुन्हा पहिल्या ओळीपासून. एल, ई, एफ झालं. पुढं टी येणार हे कुणालाही कळलं असतं. डॉक्टर म्हणालेच, "लेफ्ट. डावीकडं."

आईनं हात वर केला आणि त्यांना थांबवलं. "पहिली ओळ..." टी आल्यावर मी डोकं वळवलं. मग ती म्हणाली, "आता धरा. पुढं?"

डॉक्टर स्टूल ओढून बसले. बाहेर त्यांची वाट बघणारी माणसं होती, नर्स दोनदा डोकावली. आई म्हणत राहिली, मी डोकं वळवत राहिले. डावीकडं, पाठीत, तिथून खाली उतरतं, येतं आणि जातं, लघवीला जळजळ. एवढं सांगून झालं तेव्हा आईची साडी घामानं पाठीला चिकटली होती आणि माझी वेणी सुटली होती. डॉक्टर उठले. म्हणाले, "मूतखडा वाटतो. फोटो काढून बघू." जाताना आईला म्हणाले, "छान सांगितलंत."

"मी नाही," आई म्हणाली. "तिनं."

मूतखडाच निघाला, लहानसा. इंजेक्शनं दिली, चिक्कार पाणी प्यायला लावलं, आणि तो आपणहून पडला. घरी येऊन पुन्हा खुर्चीत बसू लागले त्या दुपारी आई नेहमीसारखी मागं येऊन बसली. मी लिहिलं, तुला ती अक्षरं पाठ कशी?

"तू दिवसभर लिहितेस. मी मागं बसून काय करणार? दिवे फिरतात ते बघते. झालं पाठ."

मी लिहिलं, तू रागावली होतीस.

आई म्हणाली, "राग नाही गं. देवळाचं तू लिहिलंस ना, तेव्हा वाटलं, इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होते? तू म्हणतेस असं समजून सगळ्यांना सांगत होते. ते तू नव्हतीसच की काय? मग पुढं तोंड उघडायचं म्हटलं की भीती वाटायची, पुन्हा चुकेल."

मला एक मोठं वाक्य सुचलं होतं. पण ते लिहायला अर्धा तास लागला असता आणि तोवर ती मागं बसून काय विचार करेल ते बघवलं नसतं. मी छोटं लिहिलं. निम्म्याहून जास्त वेळा तुझं बरोबर असायचं.

तिनं ते वाचलं. नाक पुसलं. मग म्हणाली, "आणि उरलेलं? ते काय होतं ते सांग. सगळं सांग."

मग पुढचे कित्येक दिवस दुपारची भांडी झाली की आमचं तेच चालायचं. मी एकेक लिहायची. संध्याकाळी मला ओट्यावर रस्ता बघायला बसवायचीस, ते मला आवडत नव्हतं, ऊन तोंडावर यायचं. मला मागं विहिरीजवळ बसायचं असायचं. निळा परकर मला आवडतो असं तू सांगायचीस, त्याची जर कमरेला टोचायची, म्हणून मी तो घातल्यावर आवाज करायची. शेजारचं बाळ माझ्या मांडीवर ठेवलंत की मी हसायची, ते भीतीनं, माझा हात उडून त्याला लागेल म्हणून. डोळे मिटलेले असताना मी झोपलेली नसायची, तू आणि मावशी काय काय बोलायचात ते सगळं मी ऐकलंय.

"सगळं?" आई म्हणाली.

मी डोळे वर केले. ती कपाळावर हात मारून हसायला लागली. इतकी हसली की अप्पा उठून आले.

सगळंच ती मान्य करायची असं नाही. मी लिहिलं की लहानपणी मावशीच्या लग्नाला मला न्यायचं तुझ्या मनात नव्हतं, तू मला घरी शेजारणीजवळ ठेवून गेलीस आणि लोकांना सांगितलंस की तीच नको म्हणाली. आई ताठ बसली. "ते नाही. ते तू म्हणाली होतीस. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा डोळे मिटलेस. मी बघितलंय." मला ते तसं आठवत नाही. तिला तसंच आठवतं. ती गोष्ट आमच्यात अजून तशीच आहे.

नंतरची वर्षं कामात गेली. गावातल्या एका छापखान्यानं मला इंग्रजी मजकुरातल्या चुका काढायचं काम दिलं. लग्नपत्रिका, कॉलेजांची वार्षिकं, बँकेचे अहवाल. फ्लॉपी सकाळी यायची, दोन-तीन दिवसांनी जायची. चूक दिसायला हात लागत नाहीत आणि दुरुस्त करायला एक बटण पुरतं. मग मद्रासच्या बाईंनी, तोवर मद्रासचं चेन्नई झालं होतं, नवा प्रोग्राम पाठवला. त्यात लिहिलेलं वाक्य कॉम्प्युटर मोठ्यानं म्हणायचा. आवाज पुरुषाचा, आणि तोही परदेशी. इंग्रजी ठीक म्हणायचा. मराठीची आणि तमिळची पार वाट लावायचा.

त्याच आवाजाच्या जिवावर आई पहिल्यांदा मला सोडून गावाला गेली. तिच्या भावाच्या मुलीचं बंगळूरला लग्न होतं. ती नको नको म्हणत होती. अप्पा म्हणाले जा, मी म्हटलं जा. मागच्या गल्लीतल्या एक बाई दिवसभर माझ्याजवळ राहायला आल्या. त्यांना फक्त तमिळ यायचं आणि वाचता येत नव्हतं. मी इंग्रजी अक्षरांत 'तण्णी' लिहिलं, पाणी होणा म्हणून, आणि त्या परदेशी पुरुषानं ते असं काही म्हटलं की बाईंनी दाराबाहेर बघितलं, कोण आलंय म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं. पाणी पाजताना त्यांचं हसू थांबेना आणि अर्धं पाणी माझ्या मानेवर सांडलं. दुसऱ्या दिवसापासून त्या त्या आवाजाला मापिळ्ळै म्हणू लागल्या, म्हणजे जावई. "मापिळ्ळै काय म्हणतात आज?" असं विचारत यायच्या.

लग्न झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. बंगळूरच्या एका बूथवरून. अप्पांनी रिसीव्हर कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ धरला आणि मधूनमधून माझ्या कानाशी. आईनं विचारलं जेवलीस का, झोप लागते का, बाई नीट भरवतात का. मी लिहिलं, बाई चांगल्या आहेत, सांबार तिखट करतात. जावयानं ते आपल्या परीनं सांगितलं.

"हं," आई म्हणाली, आणि मग तिनं लग्नाचं सांगायला सुरुवात केली. एरवी ती मला विचारायची. आता ती स्वतःचं सांगत होती. मुलीची साडी कुठल्या रंगाची, नवऱ्या मुलाची आई कशी सारखी फोटोसाठी पुढं येत होती, भाऊ आणि ती लहानपणी कालव्यात पडले होते ती गोष्ट निघाली आणि दोघं जेवताना कशी हसली, वहिनीनं तिला एका मोठ्या बागेत नेलं आणि तिथं तिनं आइस्क्रीम खाल्लं. आवाज वेगळाच वाटत होता, तरुण. मागं रस्त्यावरची वाहनं ऐकू येत होती. कुणीतरी लवकर आटपा असं कन्नडमधे म्हणत होतं.

मग ती थांबली. म्हणाली, "इथं सगळे अजून थोडे दिवस राहा म्हणतात. तुला काय वाटतं?"

मी लिहायला लागले. ओळी उजळत होत्या. आर, ए, एच, ए. बटण दाबलं. जावई म्हणाला, "रेहा."

"काय?" आई म्हणाली. "रडते? कोण रडते?"

अप्पा काही बोलणार होते. मी त्यांच्याकडं बघून डोळे मिटले. मग इंग्रजीत लिहिलं, स्टे. एस, टी, ए, वाय. ते त्यानं नीट म्हटलं.

आई आठवडाभर राहिली. परत आली ती दोन नव्या साड्या आणि बसलेला घसा घेऊन. बाईंना तिनं बंगळूरची मिठाई दिली आणि विचारलं, हिनं फार त्रास दिला नाही ना. बाई म्हणाल्या, तिला विचारा, मला कशाला विचारता.